कशिदा उलट बाजूनं तपासायचा

धारवाडकडचा कशिदा हातात आला की आधी कापड उलटं करायचं. गवंती टाक्याचं (दुहेरी धावदोऱ्याचं) काम असेल तर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. गाठ नको, लोंबतं टोक नको, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेली दोऱ्याची उडी नको. मागं बॉबिनचा पांढरा दोरा आणि कागदी अस्तराचे कपटे सापडले तर ते मशीनचं काम, मग पुढून ते कितीही सुबक दिसो. बेळगाव-धारवाड पट्ट्यातल्या दोन गावांतल्या बायकांबरोबर आम्ही हे काम उभं केलं, तेव्हा ही कसोटी पहिल्या दिवशी ठरली आणि शेवटपर्यंत टिकली. बाकी जवळजवळ सगळं वाटेत बदलावं लागलं.

कशिदा (कानडीत कसुती) हा इरकलीचा जोडीदार. सुती अंग, रेशमी काठ-पदर आणि पदराजवळ गोपुर, रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, तुळशी वृंदावन, पाळणा, मोर, शंख. पदराजवळ नक्षी मोठी असते आणि पदरापासून दूर जाल तशी लहान होत जाते, शेवटी नुसते तारे उरतात. लग्नात काळी चंद्रकळा कशिद्याची असावी अशी रीत होती. १९५६ पर्यंत धारवाड, बेळगाव, विजापूर हे सगळे मुंबई राज्यातलेच जिल्हे, आणि इरकल तर सोलापूर-सांगली-कोल्हापूरच्या घराघरांत. म्हणून गिऱ्हाईक कुठलं, हा प्रश्न आम्हाला फारसा पडला नाही. संक्रांतीला काळी साडी शोधणारं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसलेलंच होतं. त्याला परवडेल आणि करणारीलाही परवडेल असा नग कोणता, यावर मात्र आमचे दोन हंगाम गेले.

सुरुवात कापडानं बिघडली. कशिद्यात छापा नसतो, ट्रेसिंग नसतं. कापडाचे धागे मोजून टाका घालायचा असतो. म्हणजे कापडाचे उभे-आडवे धागे हाच आलेखाचा कागद. आम्ही पहिल्या खेपेला काठ बघून साड्या उचलल्या आणि त्यावर आलेखाबरहुकूम हत्ती काढायला दिले. आलेखावर ठेंगणा-ठुसका असलेला हत्ती साडीवर लांब पायांचा, उंटाच्या जातीचा निघाला. चूक कुणाची नव्हती. त्या कापडात इंचाला ६० उभे धागे होते आणि ४८ आडवे. दोन्हीकडे चार-चार धाग्यांवर टाका घेतला की ४० घरांची नक्षी रुंदीला २.६७ इंच भरते आणि उंचीला ३.३३ इंच. उपाय सोपा होता: आडवा टाका ५ उभ्या धाग्यांवरून न्यायचा आणि उभा टाका ४ आडव्या धाग्यांवरून. ५ भागिले ६० आणि ४ भागिले ४८, दोन्हीचं उत्तर एकच. तेव्हापासून पोस्टकार्डाला एक इंचाची चौकोनी खिडकी कापून ती प्रत्येक साडीवर तीन ठिकाणी ठेवतो आणि सुईच्या टोकानं धागे मोजतो. तीन ठिकाणच्या मोजणीत तीन-चारपेक्षा जास्त फरक पडला तर ती साडी कशिद्याला घेत नाही. पॉवरलूमच्या काही साड्यांत सुताऐवजी पॉलिएस्टर असतं. मोजणी जुळते, पण धागा गुळगुळीत असल्यामुळं टाका सरकतो आणि सरळ रेघ नागमोडी होते. पदराचा जोड जिथं येतो तिथं धाग्याची जात बदलते, म्हणून नक्षी जोडावर चढवायची नाही, एक बोट अलीकडं थांबवायची.

रेशीम किंवा जॉर्जेटवर धागे मोजताच येत नाहीत. तिथं विरळ विणीची जाळी कच्च्या टाक्यांनी वर बसवायची, तिच्या घरांतून कशिदा करायचा आणि काम झालं की जाळीचे धागे एकेक करून ओढून काढायचे. यात दोन खोड्या आहेत. सुई जाळीच्या धाग्यातूनच गेली तर तो धागा नंतर निघत नाही. जोर केला तर टाकाच उचकटतो. आणि जाळी निघाली की तिच्या जाडीइतका प्रत्येक टाका सैल पडतो. म्हणून जाळीवर काम करताना हात नेहमीपेक्षा किंचित ओढून ठेवायचा. हे अंदाजानंच येतं, शिकवून येत नाही. नव्या बायकांना आम्ही जाळीचं काम पहिले सहा महिने देत नाही.

टाके चार. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. मुरगी हा त्याचाच पायऱ्यापायऱ्यांनी वळत जाणारा भाऊ. नेगी विणल्यासारखा दिसतो, लांब-आखूड धावदोऱ्यानं जागा भरत जातो; त्याची उलट बाजू सुलटीच्या नेमकी विरुद्ध येते. मेंती म्हणजे मेथी, आपला फुली टाका. जाड, दोरा खाणारा, आणि मागून सारखा न दिसणारा. दोन्ही बाजू एकसारख्या ही अट गवंती आणि मुरगीलाच लागू होते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर मेंतीचं चांगलं कामही ‘मागून खराब’ म्हणून परत येतं. आमचं आलं.

खरं शिक्षण गवंतीचं. जाताना एक टाका वर, एक खाली. येताना रिकाम्या जागा भरत यायच्या. सरळ रेघेत हे तासाभरात जमतं. अडतं ते फांदीपाशी. वृंदावनाच्या कोनाड्यातून एक छोटी रेघ बाहेर निघते. ती नंतर करू म्हणून सोडली तर नंतर दोरा तिथं पोचतच नाही, पोचवायचा तर मागून उडी मारावी लागते. म्हणून वाटेत फांदी लागली की लगेच टोकापर्यंत जायचं, टोकावर वळून ती भरत खोडावर यायचं आणि मगच पुढं निघायचं.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे चौकट. नवी बाई चौकटीला एक फेरी मारते आणि रिकाम्या जागा भरायला त्याच दिशेनं दुसरी फेरी सुरू करते. चार टाक्यांची चौकट धरा: पहिला वर, दुसरा खाली, तिसरा वर, चौथा खाली. पाचवा टाका पहिल्याच्या जागी येतो आणि तोही वरच पडतो. म्हणजे भरलेलं पुन्हा भरतं, रिकामं रिकामंच राहतं. टाके विषम असतील तर मात्र दुसऱ्या फेरीत बरोबर अदलाबदल होते आणि काम जुळतं. त्यामुळं बाईला वाटतं, कधी जमतं कधी जमत नाही, आपला हातच कच्चा. हात कच्चा नसतो. फेरी पूर्ण झाली की जिथं आहोत तिथूनच उलटं वळायचं, आल्या वाटेनं परत यायचं. मग टाके सम असोत की विषम, प्रत्येक जागा एकदा वरून आणि एकदा खालून भरतेच. हे आम्ही आधी फळ्यावर समजावत होतो, कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग अंगणात रांगोळीचे ठिपके घातले आणि त्यावरून पायानं चालायला लावलं: डावं पाऊल वर, उजवं खाली, चौकट पुरी, आता मागं फिर. अर्ध्या तासात प्रश्न सुटला.

दोरा सहापदरी सुती लडीचा, त्यातले दोन पदर सुटे करून घ्यायचे. लांबी एक हात, म्हणजे १८ इंच. सुई पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून बायका दोन हात दोरा घेतात. तो कापडातून शंभरदा गेला की पिसारतो, रंग मळका दिसतो आणि आपोआप गुंता होऊन जी गाठ नको तीच पडते. सुरुवातीला दोन इंच टोक मोकळं सोडायचं आणि परतीच्या टाक्यांत पाच-सहा घरं गुंडाळून टाकायचं. सुई बोथट टोकाची, कापडाचा धागा न चिरता दोन धाग्यांमधून जाणारी. काळ्या कापडावर धागे दिसत नाहीत ही सगळ्यांचीच तक्रार असते. मांडीवर पांढरा पंचा पसरायचा आणि त्यावर साडी धरायची. विणीतल्या फटींतून पांढरं चमकतं आणि घरं मोजता येतात. तरीही चंद्रकळेचं काम दुपारी दोन ते पाच, दारातल्या उजेडातच. आणि चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईला आधी जवळचा चष्मा. आमच्या पहिल्या खर्चाच्या यादीत रिंगा (कापड ताणून धरायची कडी), कात्र्या, टेप होते आणि चष्मे नव्हते. पहिल्या महिन्यात ज्या बायकांचं काम सर्वांत जास्त उसवावं लागलं, त्यांतल्या बहुतेकींचा दोष बोटांत नव्हताच.

रिंगेचं म्हणाल तर जुन्या हाताच्या बायका ती वापरत नाहीत. डाव्या हाताच्या दोन बोटांवर कापड ताणून सुईवर दोन-तीन टाके एकदम घेतात. रिंगेत एकेक टाका वर-खाली टोचावा लागतो आणि वेग निम्म्यावर येतो. नव्या बायका मात्र रिंगेशिवाय दोरा ओढून कापडाला चुण्या पाडतात. आम्ही पहिले दोन महिने रिंग ठेवली, आतल्या कड्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि रोज संध्याकाळी रिंग काढून ठेवायची सवय लावली. रात्रभर राहिलेल्या रिंगेचा वळ काळ्या साडीवरून इस्त्रीनंही नीट जात नाही.

शिकवण्याचा क्रम आम्ही दोनदा उलटापालटा केला. आता तो असा: तीन दिवस मॅटीवर (घरं सहज मोजता येतील अशा जाड विणीच्या कापडावर) नुसता सरळ दुहेरी धावदोरा, मग तीन दिवस मुरगीच्या पायऱ्या, मग फांद्या, मग चौकट, मग तारा. आठ-दहा दिवसांनी सुती कापड हातात. मेंती सगळ्यात शेवटी, कारण ती सोपी आहे. आधी शिकवली की बाई प्रत्येक जागा फुल्यांनीच भरायला लागते आणि गवंतीची बारीक रेघ तिला रिकामी वाटू लागते.

नक्ष्या गोळा करण्याचं काम निवांत बसून करायचं आहे. गावातल्या म्हाताऱ्यांच्या पेट्यांत जुन्या साड्या निघतात. विरलेल्या, पण घरं शाबूत. त्या अंथरून एकेक टाका आलेखाच्या कागदावर उतरवायचा. दोरा झडून गेला असेल तर भिंगाखाली सुईची भोकं दिसतात, त्यांवरून रेघ परत जोडता येते. एका रथाची खालची दोन चाकं आम्ही अशीच भोकांवरून काढली. उजवं चाक डाव्याहून एका घरानं लहान होतं. ते सारखं करायचा मोह झाला होता. मोजून पाहिलं तर तसं केल्यावर रथाचा मधला खांब मध्यावर येत नव्हता, म्हणजे जुन्या बाईनं ते घर जाणूनच कमी केलं होतं. प्रत्येक आलेखावर आता एकूण टाके, सुरुवातीचं घर आणि वळणाच्या जागा लाल पेनानं लिहिलेल्या असतात. ज्यांना आलेख वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅटीवर एक नमुना करून ठेवलेला असतो. तो बघून त्या आलेखवालीपेक्षा लवकर काम करतात.

एकूण टाके लिहायचं कारण मजुरी. पहिल्या हंगामात आम्हीही सगळ्यांसारखं नगावर ठरवलं: मोठं गोपुर इतके, छोटा तारा इतके, सगळं डोळ्यांच्या अंदाजानं. तारे परवडेनात. बायका गोपुरं मागून घ्यायला लागल्या, तारे कुणीच नेईना. घड्याळ लावून मोजल्यावर कारण सापडलं. हात बसलेली बाई तासाला साधारण १५० टाके पुरे करते (एक टाका म्हणजे जाता-येता भरलेलं एक घर). ६०० टाक्यांच्या गोपुराला तिला चार तास लागतात. नव्या बाईला सात-आठ. ३६ टाक्यांच्या ताऱ्याला त्या हिशोबानं चौदा-पंधरा मिनिटं लागायला हवीत, पण लागतात वीस, कारण दोरा ओवणं, जागा मोजणं आणि टोक लपवणं हे काम ताऱ्यालाही तेवढंच आणि गोपुरालाही तेवढंच. तेव्हापासून दर टाक्यावर ठरतो आणि प्रत्येक सुट्या नक्षीमागं सुरुवात-शेवटाचे वेगळे पैसे. तासाला ६० रुपये धरले तर टाक्याला ४० पैसे पडतात आणि नक्षीमागं ५ रुपये. ताऱ्याचे १४.४० अधिक ५, म्हणजे १९.४०, वीस मिनिटांच्या २० रुपयांशी जवळजवळ जुळतं. भांडणं थांबली, आणि तारे परत नेले जायला लागले.

दोऱ्याचा हिशोबही टाक्यावरच बसतो. टाका इंचाचा बारावा भाग, तो वरून आणि खालून भरायचा, म्हणून ६०० टाक्यांना १०० इंच, म्हणजे सुमारे अडीच मीटर. टोकांची नासधूस धरून सव्वातीन. आठ मीटरच्या सहापदरी लडीतून दोनपदरी २४ मीटर दोरा निघतो, म्हणजे एका लडीत सात गोपुरं. हा आकडा नव्हता तेव्हा पेटीत अर्ध्या-अर्ध्या लड्यांचा ढीग असायचा आणि ऐन वेळी तोच लाल रंग बाजारात मिळायचा नाही. बाजारात मिळाला तरी दुसऱ्या घाण्यातल्या लालची छटा वेगळी पडते. म्हणून एका साडीचा सगळा दोरा एकदम काढून पिशवीत घालायचा.

आता पूर्ण साडीचं गणित मांडून बघा. पदराशी सात गोपुरं, म्हणजे २८ तास. अंगावर साठ तारे, म्हणजे २० तास. ४८ तासांची मजुरी २,८८०. साडी समजा २,५००, दोरा १००, धुलाई-इस्त्री-खोकं १२०. झाले ५,६००. उसवणं, तपासणी, ने-आण यांना दहा टक्के धरले की ६,१६०. दुकानदार छापील किमतीच्या तीस टक्के घेणार असेल तर किंमत ८,८०० लावावी लागते. मशीनची ‘कसुती’ साडी त्याच्या शेजारीच, कितीतरी स्वस्तात टांगलेली असते. म्हणून आमचं मत असं झालं की साडीवर गट चालवू नये. साडी प्रदर्शनात टांगायला आणि मागणी नोंदवून करून द्यायला ठेवावी. घरखर्चाला पैसा देतात ती दोन बाह्यांची ब्लाऊजपीस, गुळेदगुड्डच्या खणाला जोडलेली कशिद्याची पट्टी, बाळाची कुंची, ओढणीचे काठ. यांत एका नगात पाच-सात तासांपेक्षा जास्त काम अडकत नाही, आठवड्याला पैसे हातात येतात, आणि एखादा नग बिघडला तरी ४८ तास पाण्यात जात नाहीत.

बिघाडाचा खर्च कुणी सोसायचा, हे आधीच ठरवावं. आमच्याकडं प्रत्येक बाईचे पहिले दोन नग कसेही झाले तरी पूर्ण पैसे. तिसऱ्यापासून उसवणं तिच्या वेळातलं. पण कापडातला किंवा दोऱ्यातला दोष असेल तर तो गटाचा. हे कलम एका हंगामातल्या फजितीमुळं आलं. लाल दोऱ्याचं काम केलेल्या पांढुरक्या ओढण्या शेवटी धुवायला टाकल्या आणि गोपुरांभोवती गुलाबी डाग पसरले. रंग पक्का आहे असं दोरा देणाऱ्यानं तोंडी सांगितलं होतं. आता प्रत्येक लडीतला वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या कापडात घडी घालतो आणि वरून गरम इस्त्री दाबतो. कापडाला रंग लागला तर ती लडी फक्त काळ्या साडीला. शेवटची धुलाई थंड पाण्यात, सौम्य साबणात, न पिळता; सावलीत वाळवून इस्त्री उलट बाजूनं, खाली जाड पंचा ठेवून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. काम सुरू असताना साडी पिशवीत न ठेवता धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात ठेवायची. डोक्याला तेल लावून कामाला बसलं की कपाळ पुसलेला हात कापडाला लागतो, आणि तेलाचा डाग काळ्यावर काम संपेपर्यंत दिसत नाही.

सरकारी कागदांपैकी उपयोगी पडतं ते केंद्राच्या हस्तकला आयुक्त कार्यालयाचं ‘पहचान’ कार्ड. प्रदर्शनातला गाळा किंवा योजना मागताना ते लागतं. प्रत्येक बाईच्या नावानं काढावं, गटप्रमुखाच्या एकटीच्या नावानं नाही. कसुतीला भौगोलिक मानांकन आहे, ते कर्नाटक हस्तकला विकास महामंडळानं मिळवलेलं. पण गाव त्या पट्ट्यात आहे एवढ्यावर ते बोधचिन्ह चिठ्ठीवर छापता येत नाही. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते. ती होईपर्यंत आमच्या चिठ्ठीवर एवढंच असतं: टाके किती, तास किती, आणि ‘उलटी बाजू बघा’.

संक्रांतीचा माल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानात पोचायला हवा. मागं मोजत आलं तर खरिपाच्या काढणीत पंधरा-वीस दिवस हात मोकळे नसतात, ज्वारीच्या पेरणीत आठ, दिवाळीत दहा. म्हणून चंद्रकळेचं कापड गणपतीच्या आधी घरोघर गेलेलं असावं लागतं. दुकानदार काळ्या साड्यांची मागणी नोव्हेंबरात नोंदवतो. त्याला नाही म्हणायचं, आणि त्याच फोनवर पुढच्या वर्षासाठी जुलैत आगाऊ रक्कम द्याल का ते विचारायचं.